सुधारक ओलवे यांना लोह्याहून

लोहा, जिल्हा नांदेड

आदरणीय सुधारक ओलवे सर,



तुमची माझी ओळख नाही. पण धंदा एकच, म्हणून लिहायचं धाडस करतोय. नांदेडहून लातूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं लोहा लागतं. तिथं माझा फोटो स्टुडिओ आहे. आधी वडील, म्हणजे अण्णा, बसायचे, आता मी बसतो. पासपोर्ट, साखरपुडा, लग्न, बारसं, शाळेचा ग्रुप आणि मयत. हे पत्र टपालानंही पाठवता आलं असतं. पण यात एक मागणं आहे आणि एक कबुलीही आहे. ती दोन्ही माझ्या गावानं आणि माझ्यासारख्या स्टुडिओवाल्यांनी वाचावीत असं वाटतं, म्हणून उघड लिहितोय.

तुमचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले ते मुंबईत. लेन्सला बुरशी लागली होती, ती साफ करून घ्यायला फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो होतो. कारागीर म्हणाला, दोन दिवस थांबा. त्या दोन दिवसांत हिंडताहिंडता एका प्रदर्शनात शिरलो. आत मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो. माझी सवय अशी, की कुठलाही फोटो समोर आला की आधी उजेड कुठून आलाय ते बघायचं आणि मग काढणारा कुठं उभा होता ते. उजेडाचं लगेच कळलं. दुसऱ्या गोष्टीपाशी अडकलो. मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाचा फोटो उभ्यानं काढला तर त्याची टाळू दिसते, चेहरा दिसत नाही. चेहरा पाहिजे असेल तर काढणाऱ्यानं खाली बसावं लागतं. त्या घाणीच्या काठाशी गुडघे टेकावे लागतात, कॅमेरा पोटाशी धरून वास सोसावा लागतो. तुमच्या फोटोंत चेहरे होते.

पुढं सरकलो तर तुम्ही त्यांच्या घरात पोचलेला. एका खोलीचा संसार, बायका, लेकरं. घरात शिरायला एका दिवसाची ओळख पुरत नाही, हे आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नघरात नवरीच्या आईचा खरा चेहरा आम्हाला तिसऱ्या दिवशी मिळतो, माणसं कॅमेरा विसरली की मग. तुम्ही तिथं किती वेळा गेला असाल, किती वेळा कॅमेरा न काढता नुसतं बसला असाल, याचा हिशेब मी तिथंच उभ्याउभ्या करत होतो. भिंतीवरच्या एका फोटोमागं न काढलेले किती फोटो असतात, ते धंद्यातल्या माणसाला बरोबर समजतं.

मग तुमच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. १९८८ पासून तुम्ही वृत्तपत्रांचे छायाचित्रकार. त्या कामाची जात मला माहीत आहे, कारण मीही काही वर्षं इथल्या वार्ताहरांना फोटो पुरवलेत. सकाळी अपघात, दुपारी मंत्र्यांचा दौरा, संध्याकाळी सत्कार, आणि दुसऱ्या दिवशी सगळं रद्दीत. बातमीचा फोटोग्राफर एका जागी थांबत नाही, थांबला तर पुढची बातमी हुकते. असल्या धावपळीत राहून तुम्ही एकाच विषयापाशी ठिय्या दिलात. ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ हे त्या कामाचं नाव, आणि २००५ साली नॅशनल जिओग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ स्पर्धेत निवडलेल्या चार जणांत तुमचं नाव होतं. लॉस एंजेलिसला आणि वॉशिंग्टनला तुमचे फोटो लागले. २०१६ साली पद्मश्री मिळाली. ही बातमी मी स्टुडिओत येणाऱ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवली होती. आमच्या धंद्यातल्या माणसाला पद्मश्री मिळते, याचंच एकाला नवल वाटलं. मला नवल दुसऱ्याच गोष्टीचं होतं. ज्या कामाकडं मुंबईनं रोज सकाळी मान फिरवली, त्या कामाचे फोटो काढणाऱ्याला देशानं पुढं बोलावलं.

पण मुंबईच्या त्या दालनात मला धरून ठेवलं ते वेगळ्याच कारणानं. त्यातला एक चेहरा ओळखीचा वाटला. तो माणूस ओळखीचा नव्हता, ठेवण ओळखीची होती. कपाळ, गालाची हाडं, डोक्याला गुंडाळलेल्या फडक्याची गाठ. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कितीतरी घरं मुंबईला गेली. आमच्या आजूबाजूच्या गावांतून गेली. कुणी खडी फोडायच्या कामावरून थेट गाडीत बसलं, कुणी आधी पुण्यात थांबलं. गावकुसाबाहेरच्या माणसांना मुंबईनं काम दिलं, पण बऱ्याचदा दिलं ते हेच. झाडू, टोपली, घमेलं. तुमच्या भिंतीवरच्या माणसांत आमच्याकडचं कुणीतरी असणार, असं मला तिथं फार वाटलं. त्या अर्थानं ते फोटो मुंबईचे नाहीतच, आमच्या सोडलेल्या घरांचे आहेत.

आणि हे काम सुटत नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळं सफाई कामगाराची नोकरी त्याच्या वारसाला मिळते. ज्या घरातला कमावता अचानक गेला, त्या घराला हाच आधार असतो, म्हणून त्या शिफारशींना मी वाईट म्हणणार नाही. पण बाप गेला की मुलाच्या हातात नोकरीबरोबर झाडूही येतो. दहावी झालेला, बारावी झालेला मुलगा बापाच्या चौकीवर हजेरीला उभा राहतो. इतर घरांत वारसा म्हणून शेत येतं, दुकान येतं. माझ्याकडं कॅमेरा आला. मला अण्णांनी विचारलं होतं, ‘बसशील का रे स्टुडिओत, का दुसरं काही करायचंय?’ असं विचारण्याइतकी मोकळीक किती घरांत असते?

कायदा आहे. हातानं मैला उचलायला लावण्यावर बंदी आणणारा नवा कायदा २०१३ चा. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की गटारात उतरून मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं ती रक्कम तीस लाख केली. म्हणजे मधल्या नऊ वर्षांत माणसं मरायची थांबली नव्हती. हे वाचलं की मला अमेरिकेतल्या लुईस हाइनची आठवण होते. १९०८ पासून तो तिथल्या बालमजुरीविरोधी समितीसाठी गिरण्यांतल्या, खाणींतल्या लेकरांचे फोटो काढत फिरला. मालक आत येऊ देत नसत, म्हणून काहीतरी बहाणा करून शिरायचा. लेकराची उंची मोजायला आपल्या बंडीची बटणं वापरायचा. कितव्या बटणापर्यंत पोरगं येतं ते आधीच मोजून ठेवलेलं. खिशात हात घालून आतल्या आत वहीत टिपायचा, नाव काय, वय काय, किती तास काम. देशभर लागू होणारा पक्का कायदा व्हायला १९३८ साल उजाडलं. तीस वर्षं. पुढं दोन वर्षांनी तो गेला, तोही गरिबीत. फोटोनं कायदा होतो असं मी म्हणत नाही. पण कायदा लिहिणाऱ्याच्या टेबलावर कुणाचातरी चेहरा असावा लागतो, आणि तो कुणीतरी जाऊन आणावा लागतो.

खिशातली ती वही लक्षात ठेवा सर, तिच्याकडं मी परत येणार आहे.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल. गावातला स्टुडिओ ही काय चीज आहे, ते शहरातल्या लोकांना सांगावं लागतं. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याला फोटोग्राफी नवी नव्हती. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचं नाव आजही आदरानं घेतात. महाल, मेजवान्या, शिकारी, वेरूळची लेणी, त्यांच्या कॅमेऱ्यानं सगळं टिपलं. काचेच्या प्लेटा सांभाळत, बैलगाडीच्या काळात हा माणूस केवढं काम करून गेला! पण त्याच राज्यात राहणाऱ्या माझ्या पणजोबांचा एकही फोटो नाही. आजोबांचा एक आहे, तोही म्हातारपणीचा. आमच्यासारख्यांचे चेहरे कागदावर आले ते गावोगाव स्टुडिओ निघाले तेव्हा. आणि यात्रेतल्या फोटोवाल्यांमुळं. पडद्यावर रंगवलेला ताजमहाल, पुठ्ठ्याची मोटरसायकल, बादलीतल्या पाण्यात बुडवून काढलेला ओला फोटो. त्यावर हसणारे हसोत. मजुरी करून आलेल्या बाईला आपण कशा दिसतो हे त्या फोटोवाल्यानं पहिल्यांदा दाखवलं.

अण्णांनी स्टुडिओ काढला तेव्हा १२० ची फिल्म होती, एका रोलमध्ये बारा फोटो. इंदू फिल्म मिळायची, कधी ओर्वो. म्हणून अण्णा बटण दाबायच्या आधी माणसाशी गप्पा मारत. ‘पाऊस कसाय तिकडं? पोरीचं जमलं का?’ समोरच्याचे खांदे सैल पडले की मगच क्लिक. डार्करूममध्ये लाल दिवा, डेव्हलपरचं एक ताट, हायपोचं एक, आणि दोरीवर लाकडी चिमट्यांनी लटकवलेले ओले प्रिंट. रात्री जेवण झालं की निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे. निगेटिव्हवर काळं केलं की प्रिंटमध्ये ते उजळतं. सुरकुत्या जात, देवीचे व्रण जात आणि रंग गोरा होई. गिऱ्हाइकाला तेच पाहिजे असायचं. मी हेच शिकलो. पुढं पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला. रात्रभराचं काम मिनिटावर आलं आणि मी न विचारता सगळ्यांनाच उजळ करायला लागलो. पोरीचा बायोडाटाचा फोटो असो की म्हातारीचा निराधार योजनेचा, हात आपोआप तिकडं जायचा.

मुंबईहून परत आलो आणि हा हात अडखळायला लागला. तुमच्या फोटोंतली माणसं काळी होती, उन्हानं रापलेली होती. तुम्ही त्यांना गोरं केलं नव्हतं, आणि वाईट दिसावीत म्हणून आणखी काळंही केलं नव्हतं. कातडीचा पोत आहे तसा होता. त्या दिवसापासून मी विचारतो, ‘रंग आहे तसा ठेवू का?’ कुणी म्हणतं उजळ करा, मी करतो. गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवायला मी बसलेलो नाही. पण बरेच जण थबकतात. असं कुणी विचारलेलंच नसतं. दहावीच्या फॉर्मसाठी आलेली एक मुलगी म्हणाली, ‘आहे तशीच ठेवा काका, नाहीतर मी दुसरीच वाटेन.’ कलेचा दृष्टिकोन वगैरे मोठे शब्द मला जमत नाहीत. पण तुमच्या कामातून मला एवढं उचलता आलं, आणि ते लोह्याच्या बारा बाय दहाच्या खोलीत रोज वापरता येतं.

आणखी एक काम आमच्याकडं येतं, त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. घरातलं माणूस गेलं, की तेराव्याच्या आत हार घालायला फोटो लागतो. पुष्कळ घरांत एकट्या माणसाचा फोटोच नसतो. विशेषतः शेतकऱ्याचा. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी अशी गिऱ्हाइकं वाढतात. मुलगा येतो, हातात दुसऱ्याच कुणाच्या लग्नाचा अल्बम. पंगतीच्या फोटोत मागच्या रांगेत, वाढप्याच्या खांद्याआडून बाप दिसतो. नखाएवढा चेहरा. तो कापून मोठा करायचा. टोपी कुठं संपते आणि कपाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही. मी अंदाजानं भुवया काढतो, सदऱ्याची कॉलर काढतो. तयार झाल्यावर मुलगा बराच वेळ बघतो आणि म्हणतो, ‘हो, असेच होते.’ असे नसतात ते, मला माहीत असतं. त्यालाही असतं. जिवंतपणी त्या माणसाला समोर बसवून पावसापाण्याच्या गप्पा मारून कुणी एक फोटो काढला असता, तर ही वेळ आली नसती. मी तरी कुठं काढला? त्याच्या गावावरून किती वेळा लग्नाच्या ऑर्डरला गेलो होतो.

म्हणून मला वाटतं, की समाजासाठी फोटो काढणं आणि पोटासाठी फोटो काढणं ही दोन वेगळी दुकानं नाहीत. गावातल्या स्टुडिओवाल्याला सगळी घरं माहीत असतात. जातीची सगळी दारं त्याला उघडी असतात, निदान फोटोपुरती. एवढी मोकळीक तलाठ्यालाही नसते. ती आम्ही वापरली नाही. तुम्ही वापरलीत.

आता कबुली.

आमच्या तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा तुम्हाला ऐकून माहीत असेल. मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या सुमाराला भरते. घोडे, उंट, गाढवं, कुत्री, सगळ्यांचा बाजार. कुस्त्या, लावणी, वाघ्या-मुरळी, येळकोटाचा गजर. फोटोग्राफर लोक लांबलांबून येतात. धूळ आणि भंडारा हवेत उडतो, त्यातून सकाळचं ऊन येतं, आणि बटण कुठंही दाबलं तरी फोटो चांगला येतो. मी दरवर्षी जातो. एका वर्षी यात्रा उठल्यावरच्या पहाटे तिथं राहिलो होतो. पाहुणे गेलेले, पालं निघालेली. त्या मैदानावर जे उरलेलं असतं ते मी इथं लिहीत नाही. लाखो माणसं आणि हजारो जनावरं चार दिवस राहून गेल्यावर काय उरतं, ते कुणालाही समजेल. ते साफ करायला पंधरा-वीस माणसं आली होती. कंत्राटदाराची, रोजंदारीवरची. पायांत कुणाच्या चपला, कुणाच्या त्याही नाहीत. धुक्यात वाकलेल्या पाठी आणि खालची माती भंडाऱ्यानं पिवळी झालेली.

तुमचे फोटो तेव्हा मी पाहिलेले होते. म्हणून मी खाली बसलो. अकरा फोटो काढले. त्यात एक बाई होती, पन्नाशीची असेल. पदर नाकावरून बांधलेला, झाडू दोन्ही हातांनी धरलेला. तिनं पदर खाली केला आणि म्हणाली, ‘कामून काढतोस रं बाबा माझा फोटू? वावरात काढायचा सोडून घाणीत काढायलास.’ मी काहीतरी बोललो. ती म्हणाली, ‘काढलास तर काढलास, पण मला दे बरं का. माझा एक बी फोटू नाही.’ मी म्हटलं, ‘देतो मावशी.’

दिला नाही.

त्या अकरांतला तो एक फोटो मी पुढं एका स्पर्धेला पाठवला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र स्टुडिओत लावलेलं होतं. येणारे जाणारे बघायचे, वा म्हणायचे. मावशीसाठी प्रिंट काढून पाकिटात ठेवला होता, पण लग्नसराई लागली, मग पाऊस लागला. पुढच्या वर्षी यात्रेला ते पाकीट घेऊन गेलो. कंत्राट बदललेलं, माणसं बदललेली. मुकादमाला फोटो दाखवला. तो म्हणाला, ‘मागच्या साली दुसऱ्याचं काम होतं. ती माणसं कुठची कुणाला ठावं.’ त्यानं विचारलं, ‘नाव काय तिचं?’

मला नाव माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. हाइनच्या खिशात वही होती, माझ्या खिशात दोन मेमरी कार्डं होती.

त्यानंतर मी आणखी एका माणसाबद्दल वाचलं. मिल्टन रोगोव्हिन. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात चष्म्याचे नंबर काढून द्यायचा. राजकीय मतांमुळं चौकशी झाली, धंदा बसला, आणि तो कॅमेरा घेऊन शहरातल्या गरीब वस्तीत जायला लागला. १९७२ ला लोअर वेस्ट साइड नावाच्या भागात फोटो काढायला सुरुवात केली. लोकांना प्रिंट नेऊन द्यायचा. बारा-एक वर्षांनी परत गेला, त्याच घरांत, आधीचे फोटो हातात धरून, आणि त्याच माणसांचे पुन्हा काढले. नव्वदच्या दशकात पुन्हा गेला. नव्वदी ओलांडल्यावर चौथ्यांदा गेला. लेकरू होतं त्याचा बाप झालेला, बाप होता त्याची खुर्ची रिकामी. त्या फोटोंपुढं मला माझी लाज वाटली. जाणं सोपं असतं, मलाही जमलं होतं. परत जाणं हे काम आहे. तुम्ही सफाई कामगारांना एकदा बघून सोडलं नाही, वर्षानुवर्षं त्या विषयाकडं वळत राहिलात. शिवाय फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्टमधून वंचित घरांतल्या पोरांच्या हातात कॅमेरा देत राहिलात. तुमच्या कारकिर्दीतला पद्मश्रीपेक्षा मोठा भाग मला हा वाटतो.

एक गोष्ट मात्र मनात आहे, ती बोलून टाकतो. तुमचे फोटो लिस्बनला गेले, ॲमस्टरडॅमला गेले, स्वीडनमधल्या माल्मोला, ढाक्याला गेले. ते गेलेच पाहिजेत. पण ज्या मुलखातून ती माणसं मुंबईला गेली, तिथल्या तालुक्याच्या गावात ते अजून मला बघायला मिळालेले नाहीत. आमच्याकडं दालन नाही हे खरं. एसी नाही, भिंतीवर पडणारे दिवे नाहीत. पण बाजारतळ आहे, मंगल कार्यालय आहे, शाळेचा व्हरांडा आहे. २ ऑक्टोबरला ठिकठिकाणी झाडू हातात घेतलेल्या पाहुण्यांचे फोटो आमच्यासारखेच काढतात. मीही काढलेत. माणसं कॅमेऱ्याकडं बघतात, झाडू जमिनीला टेकलेला असतो एवढंच. रोज झाडणारे त्या वेळी बाजूला उभे असतात, चौकटीच्या बाहेर. ती चौकट सरकवायला माझा एक हात पुरेसा होता. अशा गावात तुमचे फोटो लागले पाहिजेत.

हे मी सफाई कामगाराच्या एका मुलाला बोलून दाखवलं. कॉलेजच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आला होता. वडील काय करतात म्हणून विचारलं की तो ‘नगरपालिकेत आहेत’ एवढंच सांगतो. मोबाइलवर तुमचे फोटो दाखवले. त्यानं बघितले आणि म्हणाला, ‘सर, हे इथं लावू नका. माझ्या वर्गातली पोरं बघतील.’ मला काय बोलावं कळेना. लाज त्यांना वाटायला पाहिजे, जे माणसाला गटारात उतरवतात, असं मी मनात म्हटलं. पण हे मला म्हणणं सोपं आहे. माझ्या बापाचा फोटो भिंतीवर हार घालून लावलेला आहे, त्याच्या हातात कॅमेरा आहे. त्या पोराला उद्या वर्गात जायचंय. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा मोबाइल मागितला. एकेक फोटो मोठा करून बघत होता. मग विचारलं, ‘खाली त्यांची नावं लिहिलेली असतात का?’

हा प्रश्न मी तुमच्यापुढं जसाच्या तसा ठेवतो. तुमच्याइतका त्यावर विचार दुसऱ्या कुणी केला नसेल. या पोराला काय सांगायचं, ते तुम्ही येऊन सांगा. मोठं भाषण नको. एक आठवडा द्या. सफाई कामगारांची, तांड्यावरची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली दहा पोरं मी गोळा करतो. कॅमेरे नसले तरी प्रत्येकाच्या घरात एखादा मोबाइल आहे. माझा स्टुडिओ सकाळी दहापर्यंत रिकामाच असतो. त्यांनी आपल्या आईबापांचे फोटो काढावेत, स्वतःला पाहिजेत तसे. झाडूसह की झाडूशिवाय, ते त्यांनी ठरवावं. कदाचित तो पोरगा बापाला इस्त्रीचा सदरा घालून ताजमहालाच्या पडद्यापुढं बसवेल. बसवू दे. तो पडदा माझ्याकडं अजून आहे.

आणि येताना तुमचे फोटो आणा. यात्रा उठते त्याच्या आदल्या दिवशी माळेगावात या. नांदेडला उतरा, मी गाडी घेऊन येतो. फोटो काचेत नकोत, साधे प्रिंट चालतील. दोन खांबांना दोरी मी बांधतो, डार्करूममधले अण्णांचे लाकडी चिमटे जपून ठेवलेत, ते कामाला येतील. पहाटे झाडायला येणारी माणसं काम सुरू करायच्या आधी चहा घेतात, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बघावेत. तहसीलदार, नगरसेवक, आम्ही सगळे नंतर.

तुमच्या फोटोंच्या शेवटी मी माझे अकरा लावीन. प्रमाणपत्र मी भिंतीवरून उतरवलंय, त्या जागी खिळा तेवढा राहिलाय. अकराही फोटोंच्या खाली नावासाठी रिकामी जागा सोडतो. त्या गर्दीत मावशीला ओळखणारं कुणी निघालं, एखादी सोबतीण, एखादा नातू, तर त्यांनी लिहावं. पेन दोरीलाच बांधून ठेवतो.

आपला,
लोह्याचा एक स्टुडिओवाला